मी दुरुस्त केलेला आवाज

"बाई कुठे गेली?" अबू नासरने विचारलं.

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "ही काय. आवाजाचा ट्रॅक, नंबर नऊ."

"ट्रॅक मला दिसतोय. मी बाईबद्दल विचारतोय."

गाणं नुकतंच संपलं होतं. चार दिवस मी त्या गाण्यावर बसलो होतो. ड्रमचा प्रत्येक ठोका जागेवर, प्रत्येक सूर जागेवर. शाबासकी घ्यायला मी खुर्ची थोडी वळवूनही ठेवली होती. अबू नासर खाली मान घालून हातातली माळ ओढत होता. मग म्हणाला, "हॉस्पिटलमध्ये अनाउन्समेंट होते ना, डॉक्टर अमुक, रूम नंबर तमुक. तसं वाटतंय."

त्यानंतर मी जे बोललो ते आजवर बायकोखेरीज मोजून दोन माणसांना सांगितलंय. इथे सांगतो. पण आधी माझा धंदा समजावून द्यायला हवा, कारण तो माझ्या सख्ख्या भावालाही कळलेला नाही. तो गावात सांगतो की आमचा धाकटा सौदीत पिक्चर काढतो.

सिनेमाचा प्रोड्यूसर पैसे आणतो. गाण्याच्या रेकॉर्डचा प्रोड्यूसर पैसे आणत नाही. गाणं शेवटी कानाला कसं लागावं हे तो ठरवतो. कोणी वाजवायचं, कुठे थांबायचं, कुठला टेक ठेवायचा. टेक म्हणजे एकदा गाऊन झालेलं गाणं. चांगला प्रोड्यूसर म्हणे कमीत कमी बोलतो. मी आयुष्यभर कमी बोललो, त्यामुळे मला वाटायचं की आपण चांगले प्रोड्यूसर आहोत.

माझं करिअर म्हणाल तर असं. रत्नागिरीजवळच्या गावात भजनी मंडळात पेटी वाजवायचो. बुवांना ताल एवढासाही ओढलेला चालत नसे, पट्टीने बोटांवर मारत. मग मुंबईला एका स्टुडिओत जिंगल्स रेकॉर्ड केल्या. साबण, बिस्किटं, डोकेदुखीची गोळी. तीस सेकंदांत सगळं बसलं पाहिजे. मग बायकोला रियाधच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि तिच्या मागोमाग मी आलो. चौदा वर्षं कॉन्फरन्सचे माईक लावले. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, अजूनही व्यवसाय 'इलेक्ट्रिकल टेक्निशियन' आहे. या लेखातला प्रोड्यूसर सौदी सरकारच्या दफ्तरी अस्तित्वातच नाही, आणि एका अर्थी ते बरोबरच आहे.

अबू नासर म्हणजे नासरचे वडील. इथे माणसाला मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारणं आदराचं असतं. तो मूळचा बुरैदाचा, खजुराच्या बागा असलेल्या घरातला. तरुणपणी अमेरिकेच्या दक्षिण भागात इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि तिथून सोल आणि कंट्री या दोन संगीतांचं वेड घेऊन परत आला. कंट्री म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांची साधी गाणी: शेत, रस्ता, भांडण, घरची आठवण. सोल म्हणजे चर्चमध्ये घसा मोकळा करून गाणाऱ्या काळ्या लोकांच्या गळ्यातून आलेलं गाणं. तिथे दक्षिणेत ही दोन्ही एकाच खोलीत वाजली आणि त्यांचं मिश्रण झालं.

"पिकअप ट्रक, धूळ, कडक स्वभावाचा बाप, दूरचं शेत," अबू नासर म्हणायचा. "या सुर्वे, मला सांग, यातलं बुरैदात काय नाही?" अरबीत 'या' म्हणजे 'अरे', आणि सुर्वे म्हणजे मी.

इथे संगीताला मोकळीक मिळाल्यावर त्याने रियाधच्या अल सुलै भागात, मार्बलच्या आणि टायरच्या यार्डांमध्ये, टाइल्सचं एक जुनं गोदाम घेऊन स्टुडिओ काढला. कॉन्फरन्समध्ये माझा माईक कधी शिटी मारत नाही एवढ्या गुणावर मला प्रोड्यूसर केलं. आजूबाजूला आठवडाभर फोर्कलिफ्ट आणि ट्रक रिव्हर्स घेत असतात. यार्डं बंद फक्त शुक्रवारी. त्यामुळे आमचं रेकॉर्डिंगही फक्त शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर. हे लक्षात ठेवा, कारण पुढे शुक्रवार मोजायचे आहेत.

गाणारी मीच आणली. फिलोमिना सिस्टर माझ्या बायकोच्या हॉस्पिटलमध्ये सर्जिकल वॉर्डची हेड नर्स. वसईची, घरी मराठी बोलणारी ख्रिस्ती. वसईच्या लग्नांत बँडवाले जुनी कंट्री गाणी अशी वाजवतात जशी आमच्याकडे मंगलाष्टकं. ती त्यावरच वाढली. एकदा आमच्याकडे जेवायला आली असताना भांडी विसळताना गुणगुणली आणि मी हातातला टॉवेल खाली ठेवला. आवाज जाडसर, थोडा खरखरीत. सुरावर थेट जायची नाही. खालून यायची, ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखी, आणि वर पोचल्यावर टेकायची.

तिला थायरॉइडची गाठ होती. ऑपरेशन ठरलं होतं. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं की आवाजाच्या नसा तिथूनच जातात, बोलणं राहील, वरच्या सुरांची खात्री देत नाही. तिने तीस वर्षं पेशंट्सच्या नातेवाइकांना असं समजावलं होतं, त्यामुळे तिला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मला एवढंच म्हणाली, "सुर्वे, लग्नाच्या व्हिडिओत मागे कुठेतरी मी गातेय, तेवढंच. एक गाणं नीट करून ठेव ना. काय होतं माझ्याकडे ते मला माहीत असू दे."

ऑपरेशन एका रविवारी होतं. त्याआधी हातात तीन शुक्रवार होते.

पहिल्या शुक्रवारी रेकॉर्डिंग झालं. गाणं अबू नासरनेच इंग्रजीत लिहिलेलं: मुलगी बुरैदाच्या रस्त्यावर पेट्रोल पंपावर थांबलीय आणि बापाला फोनवर सांगतेय की पपा, फाटकाशी उभे राहू नका, मला उशीर होईल. मला सगळ्यांना वेगवेगळं रेकॉर्ड करायचं होतं. आधी ड्रम, मग गिटार, शेवटी आवाज. अबू नासर ऐकेना.

"सगळे एका खोलीत. तिकडे तसंच करतात."

"एकाच्या माईकमध्ये दुसऱ्याचा आवाज जातो," मी म्हटलं. "नंतर काही दुरुस्त करता येत नाही."

"मग दुरुस्त करू नकोस."

ड्रमवर दानिलो होता, फिलिपिनो, दिवसा एका मॉलमध्ये एसी मेंटेनन्स करणारा. त्याच्या कानात मी क्लिक दिली. क्लिक म्हणजे घड्याळासारखी टिकटिक, तिच्याबरोबर वाजवलं की ताल हलत नाही. त्याने हेडफोनचा एक कान मोकळा केला.

"दानिलो, दोन्ही कान."

"सर सुर्वे, एका कानात तुमची क्लिक. दुसऱ्या कानात मॅडम."

तो मॅडमच्या मागे मागे वाजवत राहिला, ठोका केसभर उशिरा. तिसऱ्या टेकला तिसऱ्या कडव्यात ती 'पपा' शब्दावर खालून आली, एवढ्या उशिरा आली की मला वाटलं आता चुकली, आणि मग पोचली. दानिलोने काठ्या मांडीवर ठेवल्या. अबू नासर उठून बाहेर गेला, परत आला, म्हणाला, "खलास. याला हात लावू नकोस." आणि बापाला भेटायला बुरैदाला गेला.

मी हात लावला.

स्क्रीनवर तालाच्या उभ्या रेघा असतात. दानिलोचा प्रत्येक ठोका रेघेच्या थोडा उजवीकडे. एकही रेघेवर नाही. मला झोप लागेना असं नाही, पण रात्री जेवताना ते ठोके दिसत होते. बुवांची पट्टी दिसत होती. शनिवारी सकाळी मी एक ठोका ओढून रेघेवर ठेवला. मग दुसरा. मग सगळे. ठोके सरळ झाल्यावर सिस्टर उशिरा वाटायला लागली, म्हणून तिलाही सरळ केलं. मग सूर. सॉफ्टवेअर एकेक सूर ओढून बरोबर मधोमध बसवतं. मी पेटीवाला. पेटीवर दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नसतंच. तो 'पपा' मी पट्टीवर बसवला. तिच्या माईकमध्ये गेलेला ड्रमचा आवाज पुसला, त्याबरोबर आवाजाची खरखरही गेली. मंगळवारी संध्याकाळी स्क्रीनवर एवढं सुंदर दिसत होतं की मी फोटो काढला.

आणि मग मी आवराआवर केली. सॉफ्टवेअर मूळ आवाज वेगळा ठेवतं, दुरुस्त केलेला वेगळा. 'न वापरलेल्या फाइल्स काढून टाकू का? परत मिळणार नाहीत,' असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची, हा स्टुडिओचा नियम आहे. नियम मीच केलेला, भिंतीवर माझ्या सहीने लावलेला. त्या शुक्रवारी मात्र मी ते ठोके बघत बसलो आणि कॉपी राहिली.

तर बुधवारी अबू नासरने विचारलं, बाई कुठे गेली. खरं उत्तर एका ओळीचं होतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं. बाहेर आलं ते हे:

"आवाज आधीच उतरलाय त्यांचा. गळ्याचा आजार. त्या दिवशी जाणवला नाही, पण माईक लपवत नाही. मी सावरलं म्हणून एवढं तरी झालं."

अबू नासरची माळ थांबली. "मिस्कीन," तो म्हणाला. म्हणजे बिचारी.

तो कोरडा माणूस असता तर बरं झालं असतं. तो भला निघाला. त्याच संध्याकाळी त्याने सिस्टरला फोन केला. सांगितलं, काळजी करू नका, आराम करा, आता गळ्याला ताण देऊ नका, इंजिनिअर म्हणतोय की आवाज थकलाय. माझं खोटं त्याने अदबीने, तब्येतीची चौकशी करून, घरपोच केलं.

दुसरा शुक्रवार मी स्टुडिओत एकट्याने घालवला. फाइल परत मिळवणारी तीन सॉफ्टवेअर्स चालवली. एकाने मला कॉन्फरन्समधलं एक जुनं भाषण परत मिळवून दिलं. बाकी दोघांनी काही नाही. बाहेर यार्ड शांत होतं, स्टुडिओ रिकामा होता, सिस्टरची त्या दिवशी सुट्टी होती. एक फोन केला असता तर दोन तासांत नवीन टेक झाला असता. मी तो फोन केला नाही कारण त्यात 'मी' या शब्दाने सुरू होणारं वाक्य होतं.

पुढच्या बुधवारी बायकोने जेवायला वाढताना विषय काढला.

"फिलू म्हणतेय, आवाज गेलाच माझा. वॉर्डात गुणगुणायचीसुद्धा थांबलीय. मी म्हटलं कोणी सांगितलं तुला? तर म्हणाली, सुर्वेचे कान खोटं बोलायचे नाहीत."

मी भाजीत काहीतरी शोधत होतो.

"अहो, काय शोधताय? बटाटा आहे तो."

"माझे कान बरोबर आहेत," मी म्हटलं.

"मग चुकीचं काय आहे?"

वीस वर्षांच्या संसारात तिने मला एवढा मोकळा दरवाजा कधी उघडून दिला नव्हता. मी दही मागितलं.

गुरुवारी मात्र राहवेना. मी अबू नासरला फोन केला. आणि इथे वाचकांना वाटेल की आता हा खरं सांगणार. मलाही फोन लागेपर्यंत तसंच वाटत होतं. मी म्हटलं, "फाइल करप्ट झालीय. मूळ टेक गेला. उद्याचा शेवटचा शुक्रवार आहे, परत घेऊ या."

"पण बाईंचा गळा?"

"जेवढं मिळेल तेवढं."

"यल्ला, चला," तो म्हणाला. "मी विचारतो त्यांना."

ती आली. साडीवर पांढरा स्वेटर, गळ्याला स्कार्फ, थर्मासमध्ये गरम पाणी. दानिलोने स्टूल पुसून दिलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "सुर्वे, तुझी मशीनं पण माझ्यासारखीच झाली रे. ऐनवेळी कच खातात." मी हसलो. माईकची उंची बदलत राहिलो, ती बरोबर असताना.

तेव्हाही वेळ होती. मला एवढंच म्हणायचं होतं की सिस्टर, तुमच्या आवाजाला काही झालेलं नाही, ते मी केलं. दानिलो होता, अबू नासर होता, म्हणून नाही म्हटलं. म्हणजे आज मी असं कारण देतो.

तिने पाच टेक दिले. पाचही बिनचूक. आठ दिवस ती स्वतःच्या गळ्याला कान लावून बसली होती, आता प्रत्येक सूर काचेचा पेला उचलावा तसा उचलत होती. तिसऱ्या कडव्यात 'पपा' आला. ती खालून आली नाही. थेट सुरावर गेली, मधोमध, आणि लगेच उतरली. मी स्क्रीनकडे पाहिलं. रेघ सरळ होती. सॉफ्टवेअरला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दानिलोनेही हळूच दुसरा कान लावून घेतला होता, क्लिकचा. त्याला ऐकण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"ठीक झालं का रे?" तिने विचारलं.

"परफेक्ट," मी म्हटलं. माझ्या करिअरमधलं हे सगळ्यात खरं वाक्य.

रविवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. दीड महिना ती कुजबुजत बोलत होती, मग आवाज आला. बोलण्यापुरता पूर्ण. वरचे सूर आले नाहीत.

शेवटच्या शुक्रवारच्या टेकचीच रेकॉर्ड निघाली. खरोखरची, काळी, मोठी तबकडी. परदेशातून छापून आणली, मागच्या बाजूला प्रोड्यूसर म्हणून माझं नाव. धंद्यातल्या लोकांनी कौतुक केलं. सगळ्यांचा एकच शब्द: क्लीन. काय क्लीन साउंड आहे.

पहिली प्रत घेऊन मी सिस्टरच्या क्वार्टरवर गेलो. बायको बरोबर होती. तबकडी टेबलावर ठेवली आणि चहा ओठाला लावायच्या आत सगळं बोललो. ठोके, सूर, पुसलेली फाइल, अबू नासरला सांगितलेलं, करप्टचं खोटं. क्रमाने सांगितलं, कॉन्फरन्सच्या रिपोर्टसारखं. मला दुसरं बोलता येत नाही.

फिलोमिना सिस्टर स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"म्हणजे त्या पहिल्या शुक्रवारी माझा आवाज होता?"

"होता."

"आणि शेवटच्या शुक्रवारीही होता?"

"होता."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

बायको खिडकीतून पार्किंग बघत होती.

"अरे, माईकसमोर उभी केलीस आणि तेव्हाच सांगितलं असतंस ना," सिस्टर म्हणाली, "तर मला एवढा राग आला असता, एवढा राग आला असता, की तुला वसईच्या शिव्या घालून मी ते गाणं गायले असते. तसंच गायचं असतं रे ते." मग तबकडी उलटी करून माझं नाव वाचलं. "अबू नासरला सांगितलंस?"

"उद्या सांगतो."

"फोन खिशात आहे ना तुझ्या?"

मी तिथेच फोन लावला. तिच्यासमोर, चहा गार होत असताना. अबू नासरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, फोन बाईंना दे. तो काय बोलला मला ऐकू आलं नाही. ती "हो", "नाही", "इट्स ओके" म्हणत राहिली, आणि एकदा हसली. फोन परत आला तेव्हा मी त्याला म्हटलं, पुढच्या छपाईत माझं नाव काढून टाकू.

"नाही," तो म्हणाला. "ज्याने हे केलं त्याचं नाव राहू दे."

ते आहे. नोकरीही आहे. सिस्टर अजून येते, जेवते, भांडी मात्र मलाच विसळायला लावते. गुणगुणते ते खालच्या पट्टीत, आणि मी तेव्हा नळ बंद करत नाही, कारण ऐकतोय असं दिसलं की ती थांबते.

नवीन रेकॉर्डिस्ट येतात, मला विचारतात की सर, माईक कुठला लावावा, किती अंतरावर लावावा. मी सांगतो. शिवाय एवढं सांगतो की गाणाऱ्या माणसाला तुम्हाला जे काही खरं सांगायचं असेल ते आधी सांगा, माईक नंतर लावा. ते मान डोलावतात आणि माईकचा मॉडेल नंबर लिहून घेतात.